एकट्या फोटोकडे न बघणाऱ्या बाई

गुप्तेबाईंसमोर कुणी एकटा फोटो ठेवला, की त्या तो हलकेच उलटा करीत आणि विचारीत, "बाकीचे कुठे आहेत?" समोर फौजदार असो, की त्यांच्या पुतण्यासाठी मुलीचा फोटो घेऊन आलेली एखादी मावशी असो, प्रश्न तोच. मावश्या रागावून निघून जात. फौजदारांना तसं जाता येत नसे.

पन्नासच्या दशकात मी उपनगरातल्या बालन्यायालयात प्रोबेशन अधिकारी होते आणि बाई तिथे मानद न्यायाधीश होत्या. बरीच वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला होता. आमचं कोर्ट म्हणजे अंधेरीतल्या एका वाचनालयामागची खोली. एक लांब टेबल, करकरणारा पंखा आणि भिंतीशी बाकं. मुलांना कोर्टाची धास्ती वाटू नये म्हणून पिंजरा नाही, काळे डगले नाहीत आणि पोलिसांनी गणवेशात यायचं नाही असा कायदाच होता. त्यामुळे फौजदार साध्या कपड्यांत येत आणि परक्याच्या लग्नाला आल्यासारखे अवघडून बसत.

बाई ठेंगण्या, रुंद, रुपयाएवढं कुंकू लावणाऱ्या. काखोटीला कायम एक काळी पर्स. बोलणं तोंडावर. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण मी शेवटपर्यंत त्यांची 'सावंत'च राहिले. "अगं सावंत, तुझा अहवाल वाचला. मुलगा गरीब आहे हे चार वेळा लिहिलंयस, त्याला आवडतं काय ते एकदाही नाही." मग मी पुन्हा भांडुपला नाहीतर चेंबूरला जायची आणि मुलाला आवडतं काय ते विचारून यायची. मनात चडफडत जायची, हेही खरं.

कोर्टाच्या दिवशी त्यांचा डबा मोठा असे. बहुतेक वेळा सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीची, खिचडी. तिच्या वासाने शेजारच्या वाचनालयातले वर्तमानपत्र वाचणारे अस्वस्थ होत. सुनावणीआधी मुलाने काही खाल्लंय का, हे त्या विचारायच्या आणि नसेल तर डब्याचं झाकण त्याच्यापुढे यायचं. शिरस्तेदार एकदा म्हणाले, "बाई, आरोपीला न्यायाधीशांनी जेवू घालणं बरं दिसत नाही." बाई म्हणाल्या, "उपाशी पोरगं खरं बोलत नाही हो, लवकर बोलतं. तुम्ही घेणार का थोडी?" शिरस्तेदारांनी घेतली. पुढच्या वेळेपासून ते लिंबू घेऊन येऊ लागले.

आणखी एक सवय. मुलाचं नाव त्या पुरं घेत. पोलिसांच्या कागदात बाळ्या, शिर्‍या, काळू असं काहीबाही असायचं. बाई विचारायच्या, "आईने काय नाव ठेवलं?" मग बाळ्याचा बाळकृष्ण व्हायचा आणि एवढ्यावर बाकावरचा मुलगा जरा ताठ बसायचा.

आता त्या पर्समधल्या फोटोबद्दल सांगते, कारण त्याशिवाय बाई कळायच्या नाहीत.

नवा फौजदार बदलून आला, की बाई पर्स उघडत आणि त्यातून एक जुना, कडा झिजलेला फोटो काढत. शालू नेसलेली, नथ घातलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी, शेजारी तिवईवर फुलदाणी. "हा माझा लग्नाआधीचा फोटो. ओळखू येते का मी?" फौजदार फोटोकडे बघे, बाईंकडे बघे आणि बहुतेक सगळे एकच उत्तर देत. "म्हणजे काय बाई! डोळे तेच आहेत." एक जण तर म्हणाला होता, "हनुवटीवरून कुणीही सांगेल." बाई शांतपणे फोटो पर्समध्ये ठेवत. "ही माझी धाकटी बहीण, कमल. तुम्हाला मी सांगितलं म्हणून तुम्हाला मी दिसले. साक्षीदारालाही असंच दिसतं."

त्या फोटोची हकिगत बाईंचे यजमान, नानासाहेब, फार रंगवून सांगत. बाईंच्या वडिलांनी दोघी बहिणींचे फोटो एकाच दिवशी काढून घेतले. घरात शालू एक, नथ एक. तेव्हा आधी एकीने नेसायचा, मग दुसरीने, आणि खुर्ची नि फुलदाणी फोटोवाल्याची. स्थळाकडे पाठवताना वडिलांनी पाकिटात धाकटीचा फोटो घातला. पुढे दाखवण्याचा कार्यक्रम झाला, थोरली पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. नानासाहेबांच्या आईने फोटो हातात धरून तिला निरखलं आणि म्हणाली, "अगदी फोटोसारखी आहे हो." आत्या म्हणाली हुबेहूब. मामा म्हणाले फोटोपेक्षा किंचित उजळ. चूक लग्नानंतर उमगली आणि तोवर फोटो सासूबाईंच्या देवघराशेजारी लागला होता. "मी होकार फोटोला दिला, मिळाली ही," नानासाहेब म्हणत. "तक्रार नाही. पण वरिष्ठ कोर्टात जायची सोयही नाही."

हसून झालं, की ते उरलेलं सांगत. कमल पुढे बाळंतपणात गेली. तिचे बाकीचे फोटो कुठे गेले कळलं नाही. चुकून सासरी आला म्हणून हा एवढा उरला होता. बाईंच्या पर्समध्ये त्याला आतला कप्पा होता.

रघुनाथचं प्रकरण आलं, तेव्हा मी बाईंच्या हाताखाली तशी नवीनच होते. घाटकोपरला पहाटे दुधाच्या केंद्रावर बाटल्यांसाठी रांग लागलेली असताना एका पोराने काळेबाईंच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढून पळ काढला. काळेबाई शिक्षकाच्या पत्नी, सरळ आणि खोटं बोलायचं म्हटलं तर ठसका लागेल अशा. केंद्रावरच्या कुणीतरी सांगितलं, की नाहूरचा एक पोरगा इथे रिकाम्या बाटल्यांभोवती घुटमळतो. फौजदार घोरपडे नाहूरला गेले. तेरा वर्षांचा रघुनाथ घरी नव्हता, पण भिंतीवर त्याचा फोटो होता. बांद्र्याच्या जत्रेत पुठ्ठ्याच्या विमानात बसवून फोटो काढतात ना, तसला. विमानात रघुनाथ, डोक्यावर साहेबी टोपी, तोंडभर हसू. घोरपड्यांनी तो भिंतीवरून काढला, काळेबाईंच्या दारात जाऊन पुढे धरला आणि विचारलं, "ह्योच न्हवं?"

काळेबाईंनी क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, हाच. नंतर ओळख परेड झाली. एका वयाच्या मुलांच्या रांगेत रघुनाथला उभा केला आणि काळेबाईंनी पुढे होऊन थेट त्याच्याकडे बोट केलं. मंगळसूत्र सापडलं नव्हतं. पुरावा म्हणून होतं ते एवढंच. ओळख पटली असं कोर्टाने मानलं असतं, तर रघुनाथ अठरा वर्षांचा होईपर्यंत घाटावरच्या सुधारशाळेत गेला असता.

त्याचे वडील आधी गिरणीत होते, आता नाहूरला एका कारखान्यावर राखणदार. आमच्याच बाजूचे, मालवणकडचे. कोर्टाच्या पायरीवर त्यांनी मला गाठलं. "बाईनूं, झिलाक घाटार धाडू नकात. तेका आवस नाय." मी म्हटलं, पोराला आई नाही हे कळतं मला, पण माझ्या हातात काही नाही. ते म्हणाले, "मगे कोणाच्या हातात आसा?" मी आतल्या लांब टेबलाकडे बोट दाखवलं. डबा नुकताच उघडला होता. रघुनाथ खाली मान घालून खिचडी खात होता आणि बाई त्याला सावकाश चावून खा म्हणून बजावत होत्या.

सुनावणी सुरू झाली. घोरपडे खूश होते. "बाई, हातच्या काकणाला आरसा कशाला? दोनदा वळखलंय."

"दोनदा कुठे?" बाई म्हणाल्या. "ओळखलं एकदा, तेही फोटोत. परेडीत त्यांनी फोटोतला मुलगा शोधला. तुम्ही एकच फोटो का नेलात हो?"

"दुसऱ्या कुनाचा न्यायचा? संशय ह्याचाच व्हता."

"तो तुमचा संशय. त्यांच्याकडे नेऊन पोचवलात तुम्ही."

घोरपड्यांचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता. तेव्हा सगळेच असं करायचे आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

मग बाई काळेबाईंकडे वळल्या. मला वाटलं होतं, आता यांची उलटतपासणी होणार, बिचारी रडणार. तसं काही झालं नाही. बाईंनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची आपल्याजवळ ओढून घेतली आणि शेजारणीशी बोलावं तशा बोलू लागल्या.

"मंगळसूत्र गेलं म्हणजे जीव कसा होतो, मला कळतं. मला फक्त तो मुलगा सांगा. कसा होता?"

"सावळा. चड्डी-सदरा. आणि डाव्या गालाला खळी पडते, ती मी विसरणार नाही."

"पळताना दिसली खळी?"

"नाही, त्याआधी. तोंड माझ्याकडेच होतं ना. मंगळसूत्र तुटेना, तेव्हा दोन्ही हातांनी ओढत होता."

"हसत होता?"

काळेबाई चमकल्या. "हसेल कशाला? दात-ओठ खात होता."

बाईंनी रघुनाथकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. भेदरलेला, ओठ मिटलेला मुलगा. गाल सपाट. खळीचा मागमूस नाही.

"रघुनाथ, खिचडीत मीठ जास्त होतं का रे?" बाईंनी विचारलं.

तो गोंधळला. मान हलवून नाही म्हणाला आणि लाजून जरासा हसला. डाव्या गालावर खळी उमटली आणि ओठ मिटल्याबरोबर गेली.

काळेबाई खुर्चीतून पुढे वाकल्या. "म्हणजे खळी मी..." त्या थांबल्या. "खळी मी फोटोत बघितली."

"आणि चोराचा चेहरा?"

"तो आठवायला गेलं की हा विमानातलाच येतो हो. खरंच सांगते, दुसरा येतच नाही. मी खोटं नाही बोलले."

"तुम्ही खोटं बोललाच नाहीत," बाई म्हणाल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. "तुमच्या डोळ्यांसमोरचा माणूस कुणीतरी बदलून टाकला. त्यात तुमचा काय दोष?"

मी त्या खोलीत नंतर कितीतरी निकाल ऐकले. पण त्या दिवशी बाईंनी सरकारी कागदावर, आपल्या गोल शिक्षिकी अक्षरात, ओळख ग्राह्य नाही असं लिहिलं, तेव्हा मला जो अभिमान वाटला तो वेगळाच. आपण या बाईच्या हाताखाली काम करतो, हे त्या संध्याकाळी मी घरी सगळ्यांना सांगितलं. आई म्हणाली, तीन वेळा सांगितलंस.

बाहेर मात्र वाट लागली. घाटकोपरपासून अंधेरीपर्यंत बोलणं सुरू झालं, की गुप्तेबाईंनी चोर सोडला. कुणीतरी त्यांना 'चोरांची मावशी' नाव ठेवलं. महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला एक बाई त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "स्वतःचं मंगळसूत्र गेलं असतं म्हणजे कळलं असतं." बाईंनी तिळगूळ घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "तो मुलगा चोर नाही असं मी कुठे म्हटलं? मला माहीत नाही, एवढंच म्हटलं. माहीत नसताना कुणाचं पोर पाच वर्षं घरापासून तोडायचं म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा."

घोरपड्यांना बाईंनी नुसतं बोलून सोडलं नाही. "दुसऱ्या कुनाचा न्यायचा?" हा त्यांचा प्रश्न खरा होता. गरिबांच्या मुलांचे फोटो तेव्हा असायचे कुणाकडे? बाईंनी मला जत्रेतल्या त्या विमानवाल्याकडे पाठवलं. लोक फोटो काढून घेत आणि न्यायला येतच नसत. त्याच्याकडे टोपी घातलेल्या वैमानिकांची एक पेटी भरली होती. शिवाय बाई स्वतः ओळखीच्या घरोघर गेल्या. "तुमच्या मुलाचा एखादा फोटो असला तर द्या ना. वय बारा ते सोळा."

त्यांनी कारण सांगितलं, पण ते कुणाच्या कानात शिरलं नाही. आपल्यात मुलाचा फोटो मागायला बाई घरी येते ती एकाच कामासाठी. मुलुंडच्या एका घरात चौदा वर्षांच्या मुलाच्या फोटोबरोबर पत्रिकाही मिळाली. एका आजीबाईंनी हुंडा नको पण मुलगी मॅट्रिक हवी असं सांगून टाकलं. विलेपार्ल्याच्या एका गृहस्थांनी तर घरी येऊन विचारलं, "बाई, आमचा फोटो पसंत पडला का?" नानासाहेब आतून ओरडले, "पसंत पडला तरी मिळेल तो भलताच, सांभाळून!"

असे जमलेले फोटो बाईंनी घोरपड्यांना दिले आणि पद्धत सांगितली. संशयिताचा फोटो त्याच्याचसारख्या दिसणाऱ्यांत मिसळायचा. दाखवणाऱ्या शिपायाला स्वतःला माहीत नको की संशय कुणावर आहे, कारण माणसाचे डोळे बोलतात. आणि साक्षीदाराला आधीच सांगायचं, की यात तो नसेलही. घोरपडे म्हणाले, "अशानं एक चोर घावायचा न्हाई." पण त्यांनी ते केलं. कुरकुरत केलं, तरी केलं.

त्यानंतर काही वर्षांनी, दशक सरता सरता, बाईंची पर्स गेली.

त्या आरे कॉलनीत एका मुलाच्या घरी गेल्या होत्या. परतताना बसच्या थांब्यावर उभ्या असताना झाडीतून एक पोरगा आला, काखेतली पर्स हिसकली आणि पुन्हा झाडीत शिरला. बाईंनी त्याचा चेहरा पाहिला होता. पर्समध्ये कमल होती.

मी घरी गेले तेव्हा त्या खुर्चीत बसल्या होत्या आणि डावा हात शरीराशी दाबून धरलेला होता, काखेत पर्स असावी तसा. "सावंत, बाकी सगळं जाऊ दे," त्या म्हणाल्या. "तिचा चेहरा मला आता नुसता आठवावा लागणार." बाईंच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा एकदाच पाहिलं.

चार दिवसांनी घोरपडे आले. बरोबर एक नवखा शिपाई, त्याच्या हातात पाकीट. घोरपडे स्वतः आत आलेच नाहीत, गॅलरीत पाठ करून उभे राहिले. शिपायाने पाठ केल्यासारखं म्हटलं, "बाई, यात तो असेल किंवा नसेलही." मला हसूही आलं आणि भरूनही आलं. बाईंनी घोरपड्यांच्या पाठीकडे पाहिलं. शाळेत पहिल्या आलेल्या मुलीकडे त्या असंच बघत असणार.

शिपाई एकेक फोटो पुढे ठेवू लागला. पहिला, दुसरा. तिसऱ्याशी बाई थबकल्या. मीही तो पाहिला. पुठ्ठ्याचं विमान नव्हतं, टोपी नव्हती, मिसरूड फुटलं होतं. पण तो रघुनाथ होता. मीच त्याला आरेत बाटल्या धुण्याच्या कामाला लावलं होतं.

"घोरपडे, आत या," बाई म्हणाल्या.

घोरपडे झटकन वळले. "वळखला?"

"ओळखला. रघुनाथ आहे. माझ्या टेबलाशी बसून जेवलेला आहे. म्हणूनच हा फोटो यात घालायला नको होता. माझी नजर त्याच्यावर अडणारच."

"पर पर्स नेनारा त्यो असला तर?"

बाईंनी डोळे मिटले. पुढच्या एका शब्दावर सगळं होतं, हे मला दिसत होतं. हो म्हणाल्या असत्या, तर घोरपड्यांनी रात्रीच्या आत सगळं आरे पालथं घातलं असतं आणि फोटो कदाचित मिळालाही असता. रघुनाथही गेला असता, तेही खुद्द न्यायाधीशबाईंनी ओळखला म्हणून. त्याच्यावर मग कुणी विश्वास ठेवला असता?

"थांब्यावरचा चेहरा मला अर्धामुर्धा आठवत होता," त्या म्हणाल्या. "आता डोळे मिटले तर हा येतो. काळेबाईंचं झालं तेच माझं झालंय. मला सांगता येत नाही, असं लिहून घ्या."

"बाई," घोरपडे हळू आवाजात म्हणाले, "पर्समदी कमलताईंचा फोटू हाय."

"हो," बाई म्हणाल्या. "आहे."

घोरपड्यांनी लिहून घेतलं. जाताना त्यांनी दारात बाईंना वाकून नमस्कार केला. साध्या कपड्यांतल्या फौजदाराने तसं कुणाला केलेलं मी पाहिलं नव्हतं.

ते गेल्यावर मी विचारलं, "बाई, तो होता का? मला सांगा ना." त्या म्हणाल्या, "अगं, तुला सांगायला वेगळं काही असतं, तर त्यांनाही सांगितलं असतं." पर्स सापडली नाही. रघुनाथ आरेतच राहिला, पुढे मुकादम झाला. आपला फोटो त्या पाकिटात होता, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

घोरपड्यांची बदली झाली. नवे फौजदार आले, तो बाईंच्या कामाचा जवळजवळ शेवटचा काळ. मला वाटलं, आता पर्समधला खेळ नाही. पण बाईंनी नवी पर्स उघडली आणि एक फोटो काढून टेबलावर ठेवला. तोच शालू, तीच नथ, तीच फुलदाणी. मी दचकले. मग लक्षात आलं. त्याच दिवशी काढलेला तो दुसरा फोटो होता. त्यांच्या आईच्या पेटीत इतकी वर्षं पडून राहिलेला, बाईंचा स्वतःचा.

"ही माझी धाकटी बहीण," बाई म्हणाल्या. "कमल. माझ्यासारखी दिसते का हो?"

नव्या फौजदारांनी फोटो उचलला, बाईंकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. "थोडं साम्य आहे," ते अदबीने म्हणाले. "पण नाक तुमचं नाही. या अगदी वेगळ्या दिसतात."

या वेळी खुलासा झाला नाही. बाईंनी फोटो त्यांच्या हातून घेतला, पदराने पुसला आणि त्याकडे बघून हसल्या. मग त्यांनी तो पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला, पर्स काखोटीला मारली आणि पहिल्या मुलाला आत बोलावलं, त्याच्या पुऱ्या नावाने.